मास्तरांचा टेप आणि बारा इंचांचं कार्ड

मास्तरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिसरीच्या वर्गाच्या दारात. गळ्यात टेप, कानामागे खडूचा तुकडा, शर्टाच्या खिशाला टोचलेल्या चार टाचण्या आणि हातात मुलीचं आरोग्यपत्रक. शाळेत त्या आठवड्यात मुलांची उंची आणि वजनं घेऊन झाली होती.

"बाई, एक चूक झालीय," ते म्हणाले. "मुलीची उंची चार फूट दोन इंच लिहिलीय. ती चार फूट चार इंच आहे."

मी म्हटलं, "उंची मी स्वतः घेतलीय. भिंतीवरच्या पट्टीवर."

"मग भिंत खचली असेल."

हे त्यांनी इतक्या अदबीने सांगितलं की मला रागवताही येईना. मग त्यांनी गळ्यातला टेप काढला, मुलीला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर मोजलं. चार फूट चार. मी तिला पुन्हा भिंतीशी नेलं. चार फूट दोन. मुलगी दोन्हीकडे टाचा जुळवून आणि हनुवटी वर करून निमूट उभी राहिली. तिला या गोष्टीची सवय असावी. शेवटी मी शाळेचाच आकडा कायम ठेवला. त्यांनी पालकाच्या जागी सही केली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'मापाशी सहमत नाही.'

नोकरीत मी मार्कांवरून भांडणारे पालक पुष्कळ पाहिले. दोन इंचांवरून भांडणारा हा एकच.

मास्तर हे शिंपी. आमच्या रस्त्यावर 'मास्तर' म्हटलं की लोक त्यांच्याच दुकानाकडे बोट दाखवतात. मी तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, तरी मी नुसती 'बाई'. त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दाराशी शिलाई मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल आणि मागे पडदा. पडद्यामागून त्यांच्या बायकोचा आवाज सतत येत असतो, त्यामुळे दुकानात दोनच माणसं असली तरी तिसऱ्याचं मत मिळतंच.

गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "भिजवलंय का?" नाही म्हटलं की कापड परत. "आधी भिजवा, वाळवा, मग आणा. कापड आटतं. आज अंगात बसेल, पहिल्या धुण्यानंतर तुम्ही मला शिव्या द्याल." आमचे हे एकदा पँटचं कापड तीन वेळा घरी घेऊन आले होते. तिसऱ्यांदा ते ओलंच घेऊन गेले, पुरावा म्हणून.

पण पँट अशी बसली की त्यांनी ती सहा वर्षं सोडली नाही. मास्तरांच्या हातचा कपडा कधी दुरुस्तीला परत आला नाही. गिऱ्हाइकांची मापं एका जाड वहीत लिहिलेली, आणि वही लोखंडी पेटीत. कोपऱ्यावरच्या कापड दुकानदाराबद्दल त्यांना फार आदर. "प्रामाणिक माणूस," ते म्हणायचे. "अडीच मीटर सांगतो आणि मोजावं तर दहा सेंटीमीटर जास्तच भरतं. बाकीचे हात आखडतात." त्या आदरापोटी ते दुकानदाराची पँट सगळ्यांच्या आधी शिवून देत.

त्यांच्या मुलीला घरात 'गुंडी' म्हणत. शिकली, मोठी झाली आणि नोकरीसाठी पार लांब गेली. रोज फोन करायची, पण तो फोन कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. जेवलात का, जेवलो. औषध घेतलंत का, घेतलं. तिकडे थंडी आहे का, आहे. मग दोन्हीकडे शांतता. मग आई पडद्यामागून, "अहो, तिला विचारा ना काहीतरी." आणि मास्तर विचारायचे, "आणखी काय?" या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणाला देता आलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी गुंडी सुट्टीत आली आणि जाताना त्यांच्या जुन्या संगणकावर एक खेळ घालून गेली. शेतीचा. ती तिकडून, हे इकडून, एकाच शेतात ट्रॅक्टर चालवायचे. दर रविवारी चार वाजता. कानाला हेडफोन, समोर संगणकाचा पडदा. पहिल्या महिन्यात मास्तरांनी ट्रॅक्टर चौदा वेळा विहिरीत घातला. पण गंमत अशी झाली की ट्रॅक्टर बाहेर काढता काढता बापलेक तास-तासभर बोलू लागले. साहेब कसा आहे, घरमालकीण काय म्हणाली, सर्दी कशाने झाली, सगळं. फोनवर जे शब्द सापडत नव्हते ते नांगरताना सापडायचे. आई मागे स्टूल घेऊन बसायची आणि मध्येच सांगायची, "अहो, तिच्या वांग्यांवरून नेताय."

या वर्षी एका रविवारी मास्तर माझ्याकडे आले ते चेहरा पाडूनच.

"बाई, शेती संपली."

"म्हणजे?"

"गुंडी आणि तिचा ग्रुप जहाजाच्या खेळात चाललाय. पुढच्या रविवारपासून. एका जहाजावर दोघं. एकाने सुकाणू धरायचं, एकाने शिडं सांभाळायची. ती म्हणते, बाबा, शिडांवर तुम्हीच हवेत. पण आपला संगणक तो खेळ उघडतच नाही."

"मग नवा घ्या."

"घेतोच आहे. सगळे भाग जमलेत, फक्त ग्राफिक्स कार्ड राहिलंय. चित्रं काढायचं काम ते करतं म्हणे. आणि लवकर करायला हवं." त्यांनी गळ्यातला टेप सारखा केला. "रविवारपर्यंत मी आलो नाही तर तिच्या ऑफिसातला कुणी एक आहे, तो म्हणतोय मी येतो शिडांवर."

"मग येऊ दे की एखाद्या रविवारी."

"बाई, एकदा जागा भरली की भरली. तिला तरी त्याला ऊठ म्हणता येईल का?"

माझ्याकडे ते आले होते इंग्रजीसाठी. कुठलं कार्ड घ्यावं याबद्दल लोकांनी लिहिलेली परीक्षणं त्यांना वाचून हवी होती. तीन दुपारी आम्ही ती वाचली. मी वाचायची, ते वहीत लिहायचे. वही अर्थातच मापांचीच, कोरी पानं तिच्यातच होती. छापील रकाने होते छाती, कंबर, बाही, लांबी. मास्तरांनी एकही रकाना वाया घालवला नाही. कार्डाची मेमरी छातीखाली, वीज किती खातं ते कंबरेखाली, पंखे बाहीखाली. एका पानावर मी स्वतः पाहिलं, 'छाती १६, कंबर ३००, बाही ३, लांबी १२ इंच.' अशा अंगाचा माणूस समोर आला असता तर मास्तर दुकान टाकून पळाले असते.

परीक्षणं लिहिणाऱ्यांचं एकमत मुळीच नव्हतं. एक म्हणे, पंखे फार वाजतात. दुसरा म्हणे, वाजतच नाहीत. मास्तरांनी विचारलं, "शिलाई मशीनपेक्षा जास्त वाजतात का, एवढं बघा." ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी वही मिटली. "बाई, कापडाचं वर्णन ऐकून कुणी कापड घेतं का? हात लावून बघायला हवं."

संगणकाचं दुकान माझ्या एका विद्यार्थ्याचं आहे. आता चाळिशीचा बाप्या आहे, पण वर्गात त्याचं तोंड कायम उघडं असायचं म्हणून मी त्याला 'जांभई' म्हणत असे, आणि ते नाव रस्त्यावर अजून चालतं. त्याच्या लग्नाचा सूट मास्तरांनीच शिवलेला.

जांभईने दोन संगणक शेजारी शेजारी लावले. एकात आखूड, दोन पंख्यांचं कार्ड. दुसऱ्यात लांब, तीन पंख्यांचं. दोन्हीकडे एकच खेळ लावला. एक लांब कोट घातलेला दुष्ट माणूस पुलावर उभा, मागे आग, वर विमानं, सगळं कोसळतंय.

"बघा मास्तर, स्फोट बघा. केवढा फरक आहे."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "स्फोट जरा बाजूला कर. मला त्याचा कोट बघू दे."

"कोट?"

"त्याला चालव. आता वळव. हं, पुन्हा वळव."

जांभईने त्या दुष्टाला पुलावर पंधरा मिनिटं येरझाऱ्या घालायला लावल्या. मागचं शहर तीनदा जळून खाक झालं, तिकडे मास्तरांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"या छोट्या कार्डात कोट पुठ्ठ्याचा वाटतो," ते म्हणाले. "माणूस वळतो आणि कोट मागून येतो, नोकर आल्यासारखा. आता इकडे बघ. खांद्यावर चुणी पडली, ती कंबरेपर्यंत आली, मग खाली झोल सुटला. लोकरीचं आहे. आतून अस्तर आहे. शिवणाऱ्याने डावी बाही थोडी पुढे बसवलीय, पण ती त्याची चूक."

"पण मास्तर, तुम्हाला तर जहाजाचा खेळ खेळायचाय," जांभई म्हणाला. "छोटंही पुरेल. सेटिंग जरा खाली ठेवायचं."

"जहाजावर काय असतं?"

"समुद्र असतो."

"शिडं असतात," मास्तर म्हणाले. "शीड म्हणजे कापड. आणि त्या कापडाची जबाबदारी माझ्यावर आहे."

असं ते लांब कार्ड ठरलं. इतकी वर्षं मी मुलांना निवड कशी करावी यावर निबंध लिहायला देत होते. इतका स्वच्छ मुद्दा एकाही वहीत आला नव्हता.

आता प्रश्न उरला तो कार्ड मावण्याचा. संगणकाचे सगळे भाग बसवायची लोखंडी पेटी, जिला कॅबिनेट म्हणतात, ती मास्तरांनी नवी घेतली नव्हती. गुंडीच्या कॉलेजच्या काळातली होती. आतलं सगळं केव्हाच भंगारात गेलं होतं, पण बाहेर तिने चिकटवलेली मांजरं, तारे आणि 'हात लावू नये' अशी सूचना तशीच होती. ती पेटी बदलायचं नाव काढायला मनाई होती. मूळ पुस्तिका कधीच हरवली होती, म्हणून आत जागा किती आहे ते मोजणं आलं.

"मी मोजलंय," मास्तर म्हणाले. "बारा इंच दोन सूत. कार्ड बारा इंच. म्हणजे पाव इंच मोकळं."

जांभई दुसऱ्या कुणाचं माप ऐकून गप्प बसला नसता. पण त्याच्या लग्नाच्या सुटाचं माप या माणसाने घेतलं होतं. "तुम्ही मोजलंय ना," तो म्हणाला, "मग मी कशाला मोजू?" आणि त्याने खोकं बांधून दिलं.

शनिवारी दुपारी मास्तरांच्या कापायच्या टेबलावर पेटी आडवी निजवली. जांभई पेचकस घेऊन आला. मला खास बोलावणं होतं. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, पडद्याच्या या बाजूला आल्या होत्या, आणि अशी वेळ क्वचितच येते. बाकी सगळे भाग बसले. मग जांभईने कार्ड दोन्ही हातांनी उचललं आणि आत सोडलं.

ते बसेना.

त्याने तिरकं करून पाहिलं, उलट बाजूने पाहिलं. पुढच्या बाजूला डिस्क ठेवायचा एक लोखंडी खण होता, कार्डाचं टोक बरोबर त्यावर अडत होतं. थोडक्यात. अगदी पाव इंचाने.

"कार्ड मोठं पाठवलंय," मास्तर म्हणाले आणि टेप लावला. कार्ड भरलं साडेबारा इंच. "बघ. खोक्यावर बारा लिहितात आणि आत साडेबारा घालतात."

"मास्तर, कंपनीचं माप चुकत नाही हो."

"मग काय माझं चुकतं?"

वहिनी म्हणाल्या, "चहा टाकते," आणि गेल्या नाहीत.

मला एकदम तिसरीच्या वर्गाचं दार आठवलं. मी घरी गेले आणि माझी शाळेतली लाकडी फूटपट्टी घेऊन आले. टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "मास्तर, हिच्याशेजारी तुमचा टेप ठेवा जरा."

त्यांनी ठेवला. पट्टीचे बारा इंच जिथे संपले तिथे टेपवर साडेबारा लिहिलं होतं.

मास्तरांनी टेप उचलला, झटकला, पुन्हा ठेवला. साडेबारा. पट्टी उलटी करून ठेवली. साडेबारा.

"पट्टी..." त्यांनी सुरुवात केली आणि माझ्याकडे बघून वाक्य गिळलं.

तेव्हा वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "एक सांगू का?"

"काय?"

"गुंडी पोटात होती तेव्हाची गोष्ट. तुमच्या पँटच्या खिशात टेप राहिला होता. मी पँट उकळत्या पाण्यात घातली. बाहेर काढला तेव्हा जरा आवळल्यासारखा वाटला. पण मी इस्त्री करून ठेवला होता छान."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमच्या उस्तादांनी दिलेला. तुम्ही चिडला असता. आणि नंतर तुम्हीच म्हणालात की हल्ली काम छान बसतंय."

मास्तर खुर्चीवर बसले. जगाला कापड भिजवून आणायला सांगणारा माणूस, आणि त्याचाच टेप आटलेला. मला वाटलं, मी ही पट्टी आणायला नको होती. कपड्यांचं काही बिघडलं नव्हतं म्हणा. माणूसही त्याच टेपने मोजला आणि कापडही त्याच टेपने, त्यामुळे खोट दोन्हीकडे सारखी पडली आणि कपडा नेमका बसला. बाहेरच्या जगाचं माप त्या दुकानात कधी आलंच नव्हतं. ते पहिल्यांदा आलं या कार्डाबरोबर.

"म्हणजे तो कापडवाला," मास्तर हळूच म्हणाले, "मला जास्त देत नव्हता."

"नाही," मी म्हटलं. "पण कमीही देत नव्हता."

"एकतीस वर्षं मी त्याची पँट आधी शिवतोय." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि गुंडी?"

"चार फूट दोन."

त्यांनी मान हलवली. "भिंत चांगली होती तर."

जांभईला राहवेना. "मास्तर, अजून वेळ गेलेली नाही. छोटं कार्ड देतो बदलून. नाहीतर मोठं कॅबिनेट घ्या. उद्या चारपर्यंत सगळं चालू."

मास्तर उठले. त्यांचा चेहरा आता माझ्या ओळखीचा झाला, गिऱ्हाइकाने ओलं न केलेलं कापड आणल्यावर होतो तसा. "गिऱ्हाईक पोट सुटून आलं तर मी त्याला दुसरं पोट घेऊन ये म्हणतो का? पोट त्याचं, कोट माझा. कोट उसवायचा." त्यांनी कानामागचा खडू काढला. "हा खण कामाचा आहे का?"

"तसा नाही. तुमची डिस्क मदरबोर्डवरच बसलीय. पण तो रिव्हेट मारून पक्का केलाय."

"रिव्हेट म्हणजे टाके. टाके निघतात. बाई, तुमची पट्टी द्या."

पट्टी लावून त्यांनी लोखंडावर खडूने चार खुणा केल्या. आतले सगळे भाग पुन्हा बाहेर काढले आणि टेबलावर जुन्या चादरीत मांडून ठेवले. जांभईने दुकानातून ड्रिल आणलं, पण ते त्याला बरोबर रिव्हेटवर टेकवता येईना, तेव्हा ड्रिल मास्तरांनी घेतलं. टाका उसवताना शेजारच्या कापडाला धक्का लागू नये, तसा एकेक रिव्हेट ते काढत होते. खण सुटला. कडा कानशीने घासल्या. मग ते म्हणाले, "कडेला पट्टी लावायला हवी, नाहीतर वायरी कापतील," आणि कॉलरच्या आत घालतात त्या कापडाची अरुंद पट्टी कापून डिंकाने चिकटवली. पेटीतला भुगा ब्रशने झाडून काढला. स्टिकरमधल्या एकाही मांजराला ओरखडा गेला नाही.

कार्ड बसलं. आणि बसलं ते मास्तरांच्या कपड्यासारखं, ओढ नाही, झोल नाही.

रविवारी चार वाजता मी मुद्दाम गेले. पडद्यावर समुद्र होता, जहाज होतं आणि वर केवढं तरी पांढरं शीड. हेडफोनमधून गुंडीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "बाबा, शीड सोडा. बाबा, वारा आलाय. बाबा, काय करताय?"

"थांब. कापड बघतोय."

"बाबा, खडक आहे समोर."

"उरेब कापलंय गं. तिरप्या धाग्यात. असं शीड वाऱ्याने ताणून जाईल."

जहाज खडकावर आपटलं आणि बुडायला लागलं. बुडता बुडता गुंडी इतकी हसली की मास्तरांनी हेडफोन काढून वहिनींच्या कानाला लावला. मग हसू आवरल्यावर तिने विचारलं, आणि ते मलाही ऐकू आलं, "कार्ड बसलं ना नीट त्या जुन्या पेटीत?"

"बसलं," मास्तर म्हणाले. "थोडं आल्टर करावं लागलं. आणि गुंडी, ते तिसरीतलं... तुझी उंची चार फूट दोन होती. बाई बरोबर होत्या."

"मला माहीत होतं, बाबा. मी तुमच्यासमोर टाच उचलायचे नाही, तरी दोन इंच वाढायचे. मला आवडायचं ते."

मास्तरांनी खरा टेप विकत घेतला. पण जुना टाकता येईना, कारण वहीतल्या साडेतीनशे माणसांची मापं जुन्यानेच घेतलेली आहेत. नव्याने कापड बेतलं तर सगळा रस्ता ढगळ कपड्यांत फिरेल. म्हणून आता दुकानात दोन खिळे आहेत. एकावर जुना टेप, माणसांसाठी. दुसऱ्यावर नवा, तो संगणकासाठी आणि कापडवाल्यासाठी. कापडवाल्याची पँट अजून सगळ्यांच्या आधीच शिवली जाते.

माझी फूटपट्टी त्यांच्याकडेच आहे. रविवारी चार ते साडेपाच दुकान बंद असतं.